सावंतवाडीच्या धर्तीची लाकडी खेळणी घरी बनवून विकायची असतील तर

प्रश्न असा आला आहे: "कुडाळजवळच्या गावात राहतो. आयटीआयला सुतारकाम केलं आहे, घरी छोटा लेथ घेतला आहे. सावंतवाडीत मिळतात तशी लाकडी फळं, खेळणी, पाट असं बनवून विकायचा विचार आहे. लाकूड कोणतं घ्यावं, रंग कोणता, भाव कसा लावावा आणि दुकानदाराला द्यावं की स्वतः विकावं? यावर घर चालेल का?"

शेवटचं आधी सांगतो. घर चालतं, आमचं चाललं आहे. पण विक्रीला सुरुवात करण्याआधी घरात सुकलेल्या लाकडाचा साठा हवा. नवीन लोक लेथ घेतात, रंग घेतात, मोबाइलवर फोटो टाकतात, ऑर्डर येते आणि मग लाकूड शोधायला निघतात. वखारीतून ओलं लाकूड येतं, आठ दिवसांत माल तयार होऊन पुण्याला जातो आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक तडा गेलेल्या आंब्याचा फोटो पाठवतं. या धंद्यात बरेच जण इथेच बुडतात. रंगाचा हात वर्ष-दोन वर्षांत बसतो, लेथ त्याहून लवकर जमतो. लाकूड मुरायला लागणारा वेळ मात्र पैशांनी विकत मिळत नाही. म्हणून मी सगळ्यात जास्त त्यावरच लिहिणार आहे.

आपल्याकडच्या हवेचं गणित समजून घ्या. लाकूड सुकलं म्हणजे त्यातलं पाणी शून्य झालं असं नसतं. भोवतालच्या हवेत जेवढा दमटपणा, त्या हिशेबाने लाकूड ओल धरून राहतं. जुलै-ऑगस्टात कोकणातल्या घरात ठेवलेलं 'सुकलेलं' लाकूडही वजनाच्या १८ ते २० टक्के ओल धरून असतं. तेच लाकूड एप्रिलमध्ये पुण्यात किंवा नागपुरात गेलं की ६ ते ८ टक्क्यांवर उतरतं. एवढ्या फरकात साध्या उभ्या कापाची १०० मिलिमीटर रुंद फळी अडीच ते तीन मिलिमीटरनं आक्रसते. ३०० मिलिमीटरच्या पाटाला हा फरक साडेसात ते नऊ मिलिमीटर पडतो. आता त्या पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्या तुम्ही डिंकाने आणि स्क्रूने घट्ट बसवल्या असतील, तर पाटाला आक्रसायला जागाच नाही. तो मधोमध फाटतो. पट्टीतलं स्क्रूचं भोक लांबट ठेवा, डिंक फक्त मध्यावर दोन बोटं लावा, म्हणजे फळी दोन्ही बाजूंनी सरकू शकते. आयटीआयमध्ये हे शिकवतात, पण नक्षीच्या वस्तू करताना लोक ते विसरतात, कारण लक्ष सगळं रंगाकडे असतं.

लाकडाची निवड. सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वापार पांगारा वापरत आले. हलका, मऊ, पटाशीला लोण्यासारखा, आणि रंगाचं अस्तर चांगलं धरतो. त्याचे दोष दोन: ओला असताना बुरशीने पटकन निळा-काळा पडतो आणि किडा लवकर लागतो. पांगारा कापला की ओंडका पावसात किंवा मातीवर पडून राहता कामा नये. त्याच आठवड्यात चिरून पट्ट्या देऊन सावलीत रचला पाहिजे. आंबा सहज मिळतो, फळांना आणि चौरंगाला चालतो, पण किडा त्यालाही लागतो. फणस टिकाऊ, पिवळा रंग सुंदर, देव्हाऱ्याला उत्तम, लहान खेळण्याला मात्र जड. माझं सर्वात आवडतं लाकूड शिवण. ते फार हलत नाही, म्हणजे हवेबरोबर आक्रसणं-फुगणं कमी, रंधा गुळगुळीत बसतो, आणि रंग न देता नुसत्या मेणावर ठेवलं तरी देखणं दिसतं. शहरातले तरुण आईबाप आता बिनरंगी खेळणी मागतात, त्यांच्यासाठी शिवण धरा.

पांगाऱ्याबद्दल आणखी एक. हे झाड आपल्याकडे कुंपणाला आणि मिरी-पानवेल चढवायला लावतात. पावसाच्या तोंडावर जाड फांदी पुरली की ती रुजते. स्वतःच्या कुंपणाला दरवर्षी थोडे खुंट लावत गेलात तर आठ-दहा वर्षांत खेळण्यापुरतं लाकूड घरचं होतं. खुंट आणताना पानांवर आणि कोवळ्या देठांवर गाठी आहेत का तेवढं पाहा. केरळ-कर्नाटकातल्या मिरीच्या बागांत एका बारीक गांधीलमाशीने अशा गाठी आणून पांगारा मोठ्या प्रमाणावर मारला आहे. रोगट खुंट बागेत आणू नका. साग, आंबा अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते, हेही लक्षात ठेवा. लाकूड विकत घेताना त्याचा पास आणि पावती मागून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तोड दिवाळीनंतर ते माघापर्यंत करा. जुने लोक अंधारा पक्ष पाहायचे. मी महिना पाहतो, कारण त्यामागचं कारण साधं आहे: पाऊस येईपर्यंत लाकडाला पाच-सहा कोरडे महिने मिळतात. ओंडक्याच्या ऐन मधला बिंदू कधीही वस्तूत येऊ देऊ नका. ओंडका मधून चिरून चार फाका करा आणि मधली बोटभर पट्टी चुलीत घाला. अख्ख्या गोल फांदीतून आंबा कातला तर तो तडकणारच, कारण लाकूड वळ्यांच्या दिशेने जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून सालीच्या दिशेने आक्रसतं. या ओढाताणीला कुठे तरी वाट हवी, आणि ती चिरेतून निघते. दोन्ही टोकांना ओल्यातच मेण किंवा जुना ऑइलपेंट लावून टाका, कारण पाणी टोकाकडून सर्वात वेगात जातं आणि चीर तिथूनच सुरू होते.

फळ्या सुकायला इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा अजूनही खरा आहे. पण फळांसाठी थांबायची गरज नाही, तिथे दोनदा कातायची पद्धत वापरा. ओल्या फाकेतून लेथवर आंब्याचा ढोबळ आकार काढा, पक्क्या मापापेक्षा सर्व बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवा, आणि ते गोळे पोत्यात भुसा घालून सावलीत ठेवा. काही आठवड्यांनी पोत्यातून काढून माळ्यावर उघडे पसरा. चुलीवरचा माळा असेल तर त्यासारखी जागा नाही, धुराने किडाही लांब राहतो. दर आठवड्याला त्यातले चार-पाच गोळे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि गोळ्यावरच पेन्सिलने वजन लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की माल तुमच्या घरातल्या हवेपुरता सुकला. ओलावा मोजायचं यंत्र दीड-दोन हजारांत मिळतं, घ्या, पण काटा खोटं बोलत नाही. जो माल घाटावर जाणार आहे तो शेवटच्या कातणीआधी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गरम खोलीत महिनाभर ठेवा. कोकणातली ओल पुण्यापर्यंत नेऊ नका, ती इथेच सोडा.

किड्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात लाकूड बुडवतात. चौरंग, देव्हारा, भिंतीवरची वस्तू यांना ते ठीक आहे. मुलाच्या तोंडात जाऊ शकेल अशा कोणत्याही वस्तूच्या लाकडाला ते लावू नका. तिथे सालीकडचं पांढरं लाकूड काढून टाकणं हाच उपाय, कारण किड्याचं अन्न असलेलं पिष्ट त्याच भागात असतं.

लेथकामाबद्दल थोडक्यात. तुम्हाला हत्यार धरता येतं, पुढचं सरावानं येईल. फक्त नजर तयार करा. आंबा सरळ कातलेला अंडाकार नसतो, त्याला एक बाजू पोट असतं आणि खाली चोच असते. लेथवरून काढल्यावर कानस आणि काचकागदाने ती बाजू आणावी लागते. हापूस आणि पायरी यांचा आकार वेगळा, सावंतवाडीच्या बाजारात येणारं गिऱ्हाईक ते ओळखतं. केळं कातून होत नाही, ते फळीतून कापून वाकसाने आणि कानशीने घडवावं लागतं. सीताफळाला वेळ इतका जातो की ते नेहमीच्या भावात परवडत नाही. काजूचं बोंड करायचं तर बी वेगळी करून खुंटीने बसवा, नुसती डिंकाने चिकटवू नका. देठाचंही तेच: भोक पाडून खुंटी, मग डिंक. देठ तुटून येणं ही फळांची सर्वात नेहमीची तक्रार आहे, आणि मुलांच्या बाबतीत ती धोक्याचीही आहे. त्यावर पुढे येतो.

आता रंग. सावंतवाडीच्या कामाची खरी ओळख इथे आहे. चितारी मंडळी, म्हणजे पिढीजात रंगकाम करणारे कारागीर, आधी रंगाचं अस्तर करतात, मग त्यावर चित्रण. पूर्वी हे अस्तर चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून करत. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून, वाटून शिजवायचे. गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या, गोल पानांनाही कापडाचे थर याच खळीने चिकटवून वर हेच अस्तर देत. आज बहुतेक ठिकाणी खडूपूड आणि पांढरा सुतारी डिंक वापरतात. दोन्ही चालतं. मात्र अस्तर एकदाच जाड थापू नका. पातळ हात, पूर्ण सुकवणं, बारीक काचकागद, परत पातळ हात, असं निदान तीनदा. लाकडाची नस बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. वस्तू हातात घेतल्यावर 'वाडीची' वाटते ती या अस्तरामुळे, आणि घाईत केलेल्या मालात सर्वात आधी हीच पायरी गळते, कारण फोटोत ती दिसत नाही.

खळ पावसात आंबते, बुरशी येते. पुस्तकबांधणीवाले त्यासाठी तिच्यात मोरचूद घालतात. खेळण्याच्या अस्तरात मोरचूद घालायचं नाही, कितीही थोडं असलं तरी. ताजी खळ करा, उरलेली फेकून द्या.

'आम्ही जुन्या पद्धतीचे रंग वापरतो म्हणून ते निर्धोक' असं बरेच जण मनापासून सांगतात. यावर मला ठाम बोलायचं आहे. जुन्या चित्रकारांच्या रंगांतला शेंदूर म्हणजे शिशाची राख, हरताळात सोमल, हिंगुळात पारा. भिंतीवरच्या चित्रात ते असोत, मुलाच्या हातात नकोत. नव्या रंगांतला क्रोम यलो म्हणून मिळणारा झळझळीत पिवळाही शिशाचाच. गेरू, पिवळी माती, काजळी हे जुने रंग मात्र चांगले. बाकी सगळ्यासाठी पाण्यात मिसळणारे, शिसं नसल्याचं डब्यावर लिहिलेले रंग घ्या. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी नियमाने ठरलेली आहे आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण कारखान्यातल्या लोखंडी सामानासाठीचे रंग या नियमात बसत नाहीत, आणि स्वस्त म्हणून सुटे विकले जाणारे डबे बऱ्याचदा तसलेच असतात. सुटा रंग घेऊ नका. डबा आणि पावती जपून ठेवा. गिऱ्हाइकाने विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

वरची चमक आणायला लाखेचं पॉलिश सर्वोत्तम, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. लाख पोटात गेली तरी अपाय नाही, आणि तिची उब काही वेगळीच. अडचण पावसाळ्याची: दमट हवेत स्पिरिट उडताना हवेतलं पाणी थरात अडकतं आणि पॉलिश पांढुरकं पडतं. पावसात पॉलिशचं काम दुपारी करा किंवा चार उघडीपीचे दिवस राखून ठेवा. खोलीची खिडकी उघडी हवी, कारण स्पिरिटची वाफ अंगाला बरी नाही. लाखेवर गरम किंवा ओलं भांडं ठेवलं तर डाग पडतो, म्हणून पाटाला आणि ट्रेला वेगळं पाण्याचं व्हार्निश द्या.

चन्नपट्टणला वेगळी रीत आहे. तिथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते, आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चमक काढतात. त्यासाठी तिथे वापरतात ते पांढरं लाकूड आपल्याकडच्या काळ्या कुड्याचं. कुडा आणि केवडा दोन्ही सिंधुदुर्गात आहेत, तेव्हा भोवरे, खुळखुळे, बाहुल्या यांसाठी ही रीत शिकण्यासारखी आहे. पण तिला सावंतवाडीचं काम म्हणून विकू नका. आपलं काम कुंचल्याचं.

कुंचला शिकायचा असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन या. तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी मरणपंथाला लागलेली गंजिफाची कला उरलेल्या चितारी कलावंताकडून स्वतः शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि वाड्यातच कामाची जागा दिली. आजही तिथे कारागीर बसून रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक गोल पानाची किनार हाताने ओढलेली. त्यांची रेघ पाहा: मनगट टेकलेलं असतं आणि हलतं फक्त पान. फळाच्या देठाजवळची हिरवी छटा असो की पाटावरची वेलपत्ती, हीच रेघ कामाला येते. पिंगुळी तुमच्या जवळच आहे, तिथल्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या, पोथ्यांतल्या रेषाही डोळ्यांखालून घाला. नक्कल करायला नाही, डोळा तयार व्हायला.

लहान मुलांच्या सुरक्षिततेचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वाचा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वस्तूतला कोणताही सुटा भाग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळीत पूर्ण मावता कामा नये. तपासणीची नळी त्या मापाची असते. प्लंबिंगच्या पाइपाचा तुकडा कापून तशी नळी लेथशेजारी ठेवा. जांभूळ, करवंद, लाल मिरची, काजूची बी ही सगळी तिच्यात जातात. म्हणून फळांच्या टोपल्या दोन प्रकारच्या करा: दिवाणखान्यात मांडायची, आणि मुलांची. मुलांच्या टोपलीत जांभूळ नाही म्हणजे नाही. दुकानदार 'द्या हो, काय होतंय' म्हणेल. देऊ नका.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकनाच्या (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे तुमचं पहिलं सरकारी काम आहे 'पहचान' ओळखपत्र, म्हणजे आयुक्तांकडच्या नोंदणीचं कार्ड, काढणं. ते, मानांकनाची नोंदणी किंवा आयएसआय चिन्ह यांपैकी काहीच नसताना खेळणं म्हणून वस्तू विकणं नियमाबाहेर जातं, मग ती कितीही सुबक असो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे हे दोन्ही धंदे आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. माझा सल्ला: अवजारांची मदत जरूर घ्या, कर्ज दुसऱ्या वर्षी घ्या, आणि घेतलं तर लाकडाच्या साठ्यासाठी घ्या, दुकानाच्या फर्निचरसाठी नको.

नावाचा मुद्दाही इथेच येतो. सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन आहे. तुमचं गाव त्या नोंदीतल्या क्षेत्रात येतं का ते पाहून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. तोवर पाकिटावर तुमच्या गावाचं नाव घाला. वाडीचं नाव चितारआळीतल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलं आहे, ते रीतसर मिळवावं. तुमच्या गावाच्या नावाने माल विकला गेला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

भावाचा प्रश्न सर्वांना सर्वात अवघड जातो, म्हणून आकडे मांडून दाखवतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. मजुरी दिवसाला ७०० रुपये धरा, आठ तासांची. एक आंबा एकट्याने, सुटा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलात तर ढोबळ कातणी, पक्की कातणी, तीन अस्तरं, घासणं, रंग, देठ, पॉलिश धरून सव्वा तास जातो. मजुरी सुमारे ११० रुपये. लाकूड वाया जाणाऱ्यासह १२, रंग-कागद-वीज ८. झाले १३०. दहा चांगल्या वस्तूंमागे एक बाद होते, तिचा भार घातला की १४३. शेड, अवजारं, धार यांचे १० घातले तर १५३, आणि अजून नफ्याचा रुपया नाही. हाच आंबा पंचवीसच्या लॉटमध्ये केलात, म्हणजे आधी सगळे कातले, मग सगळ्यांना एकदम अस्तर, तर नगामागे अर्धा तास पुरतो. मजुरी ४४, लाकूड आणि रंग मिळून २०, बाद माल धरून ७०, शेडचे १० मिळून ८०. त्यावर २० नफा, दुकानदाराला १००. दुकानदार छापील किमतीच्या ४० टक्के ठेवतो असं धरलं तर छापील किंमत १७० च्या आसपास येते.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, तुम्ही स्वतः थेट विकलात तरी १७० लाच विका. घरी आलेल्याला १०० ला दिलात तर ज्या दुकानदाराने तुमचा माल मांडला त्याचा गळा तुम्हीच कापला, आणि पुढच्या वेळी तो माल घेणार नाही. वरचे ७० रुपये हे विकण्याच्या कामाची मजुरी आहे. दुकानात बसून ते काम तो करतो, प्रदर्शनात उभं राहून तुम्ही करता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या धंद्यात घरोघरी अस्तर देणं, घासणं, रंग भरणं हे काम बायका करतात. आई, बायको, वहिनी. हिशेबात ते बहुतेकदा शून्य धरलं जातं, 'घरचंच आहे' म्हणून. त्यामुळे माल स्वस्त दिसतो, त्या भावाची बाजाराला सवय होते, आणि उद्या रंगवायला माणूस ठेवायची वेळ आली की सगळं गणित कोसळतं. सोबत धंदा करणाऱ्या चार घरांचाही भाव आपण पाडलेला असतो. वरच्या अर्ध्या तासात प्रत्येकाचा मिनिटन्‌मिनिट मोजा, वहीत नाव लिहून, आणि ती मजुरी महिन्याच्या शेवटी त्या माणसाच्या हातात द्या. मुलगी रंगवायला शिकली आणि तिला त्याचे पैसे मिळाले तर ती पुढे हे काम करील. नाही मिळाले तर गोव्यात हॉटेलात नोकरीला जाईल, आणि मी तिला दोष देणार नाही.

विक्रीला कुठे जायचं? झाराप-पत्रादेवी रस्ता झाल्यापासून मुंबई-गोवा हमरस्त्यावरची वाहतूक सावंतवाडी शहराबाहेरून जाते. पूर्वी गोव्याला जाणारी गाडी मोती तलावापाशी थांबायची आणि टोपलीभर फळं घेऊन पुढे जायची. ते गिऱ्हाईक आता मुद्दाम आलं तरच येतं. त्यामुळे नुसत्या पर्यटकावर विसंबू नका. पर्यटक दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात येतो, पण आपल्या माणसांना लाकडी वस्तू वर्षभर लागतात. गणपतीला पाट, चौरंग आणि माटवी (मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट) लागते, आणि चाकरमानी ती गावातूनच करून घेतो. त्याची नोंद आषाढातच घ्या. लग्नाच्या रुखवतात लाकडी फळांची टोपली आणि भातुकली आजही मांडतात. बारशाला पाळणा, वर टांगायचं चिमणाळं, मग पांगुळगाडा. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी एकसारखे पन्नास-शंभर लहान नग मागतात. लॉटमध्ये काम करणाऱ्याला ही ऑर्डर सोन्यासारखी, कारण पैसे आगाऊ घेता येतात.

प्रदर्शनांत मुंबईचं महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा ही दोन्ही आपल्या मालाला चांगली. पण पहिल्या वर्षी स्वतःचा गाळा घेऊ नका. ओळखीच्या बचत गटाच्या टेबलावर दोन फूट जागा मागा, नुसते उभे राहा आणि काय उचललं जातं, काय खाली ठेवलं जातं ते पाहा. लोक खेळणं हातात घेऊन आधी वास घेतात, मग पोराच्या हातात देतात. ज्या वस्तूला रंगाचा वास राहिला आहे ती परत टेबलावर येते.

दुकानदाराशी व्यवहार कागदावर करा. 'विकलं की पैसे' या बोलीवर माल ठेवायचा असेल तर दोन प्रतींत यादी, प्रत्येक नगाची किंमत, आणि किती दिवसांनी हिशेब ते लिहा. दोन महिन्यांपेक्षा जास्त मुदत मान्य करू नका. उन्हात काचेच्या कपाटात राहून रंग उडालेला माल परत घेणार नाही, हेही लिहा. ऑनलाइन विकायचं तर फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, शेजारी माप कळेल असं काहीतरी ठेवा, आणि लाकडाचं नाव, रंगाचा प्रकार, मुलाचं वय तिथेच लिहा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पाठवू नका, आत घाम धरून लाख चिकटते. आधी पातळ कागद, मग कात्रणं भरलेला पुठ्ठ्याचा खोका.

पहिल्या वर्षी वस्तू पाचच धरा. आंबा, केळं, काजूचं बोंड, एक चाकांचं खेळणं, आणि गणपतीचा पाट. पाचही अशा करा की रांगेत पन्नास ठेवले तरी वेगळा काढता येऊ नये. गिऱ्हाईक विचारेल, गणपती करता का, मोर करता का, कारचा आकार जमेल का. सध्या नाही म्हणा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, यंत्रावर कापलेल्या स्वस्त नक्षीशी भावात स्पर्धा करायला जाऊ नका. ती यंत्राची जागा आहे, तिथे हाताला मजुरी मिळत नाही.

विकलेली वस्तू दुरुस्त करून द्या. देठ निघाला, टवका उडाला तर टपालखर्च गिऱ्हाइकाचा, काम आपलं. परत आलेल्या प्रत्येक वस्तूच्या खाली लॉटचा नंबर असला पाहिजे, म्हणजे तो गोळा कधी कातला, कोणत्या झाडाचा आणि किती वजनाला स्थिरावला होता ते वहीत सापडतं. हा नंबर पेन्सिलने अस्तराआधी आणि शाईने पॉलिशआधी, असा दोनदा लिहावा लागतो.

आता दिवाळी झाली की दोन पांगारे आणि एक शिवण बघून ठेवा. लेथ तोवर भंगार लाकडावर चालवा, ते गोळे विकू नका. पुढच्या गणपतीपर्यंत सुकलेले तीनशे गोळे माळ्यावर असतील तर मला परत लिहा. मग रंगांची मिश्रणं मापासह सांगतो.